आधी धुराला वाट

चुलीवर स्वयंपाक केलेल्या कुठल्याही आजीला विचारा, विस्तवावर वारा घातला की काय होतं? ती हसेल आणि तुमच्या हातात फुंकणी देईल. फुंकर मारली की निखारा लाल होतो, जाळ उठतो. एवढं समजायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही.

आता हे दृश्य बघा. अमेरिकेतल्या एखाद्या गावात घराला आग लागलीय. मागच्या खिडकीतून काळा धूर बाहेर पडतोय. बंबातून उतरलेला जवान दोन चाकांवरचा एक पंखा ढकलत आणतो आणि पुढच्या दारासमोर उभा करतो. पंख्याला जोडलेलं पेट्रोलचं छोटं इंजिन, आपल्याकडे लहान जनरेटरला किंवा शेतातल्या पंपाला असतं तसलंच. तो दोरी ओढतो, इंजिन धडधडतं आणि पंखा पूर्ण ताकदीनं घरात वारा सोडायला लागतो. जळत्या घरात!

मी शिकलो मेकॅनिकल आणि पोटापाण्यासाठी लिहितो कोड. कॉलेजात फ्लुइड मेकॅनिक्स परीक्षेपुरतं आलं आणि परीक्षेनंतर गेलं. पण हा व्हिडिओ पाहिल्यावर ते सगळं परत उकरून काढावं लागलं. कारण एकतर हे जवान वेडे होते, नाहीतर आजी चुकत होती. पुढचे काही महिने रात्री जेवणानंतर मी आगीच्या प्रयोगांचे अहवाल वाचत बसलो. उत्तर असं निघालं की दोघंही बरोबर आहेत. मात्र कोण कधी बरोबर, हे नीट कळायला अग्निशमनाच्या जगाला जवळजवळ दोनशे वर्षं लागली. त्या दोनशे वर्षांची ही गोष्ट.

मारतो तो धूर

आग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ज्वाळा येतात. पण इमारतीतल्या आगीत माणूस बहुतेकदा ज्वाळा पोचायच्या आधीच धुरानं जातो. मुंबईत २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री लोअर परळच्या कमला मिल्स आवारात आग लागली, १४ जण गेले. त्यांतले बरेचजण जीव वाचवायला स्वच्छतागृहात शिरले होते आणि तिथेच गुदमरले.

धुरात काजळी असते, त्यामुळे दिसत नाही. सायनाइडसारखे विषारी वायू असतात. आणि कार्बन मोनॉक्साइड असतो, ज्याला ना रंग ना वास. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं. म्हणजे फुप्फुसात हवा जात असते, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोकं जड होतं, मग विचार सुटतात. दार कुठे आहे हे माहीत असूनही माणूस दारापर्यंत पोचत नाही.

म्हणून आग विझवणाऱ्यांपुढे कायम दोन कामं असतात. आगीवर पाणी मारायचं आणि धूर बाहेर काढायचा. गोची अशी की धूर काढायला दारं-खिडक्या उघडाव्या लागतात, आणि उघडल्या की आगीला हवा मिळते.

हवा कोंडा

जेम्स ब्रेडवूड हे नाव अग्निशमनाच्या इतिहासात फार मोठं. १८२४ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो एडिंबरा शहराच्या अग्निशमन दलाचा प्रमुख झाला. पुढे लंडनच्या दलाचाही पहिला प्रमुख तोच. १८३० मध्ये त्यानं बंब, साहित्य आणि जवानांच्या प्रशिक्षणावर पुस्तक लिहिलं. त्या काळी रस्त्यावर उभं राहून खिडकीतून पाण्याचा फवारा सोडायचा आणि देवावर हवाला ठेवायचा, अशी पद्धत होती. ब्रेडवूडचं म्हणणं, आत शिरा, आग शोधा, पाणी थेट तिच्यावर पडलं पाहिजे. आणि तोपर्यंत दारं-खिडक्या शक्य तितक्या बंद ठेवा, आगीला हवा मिळू देऊ नका.

फुंकणीचा धडाच, फक्त उलट बाजूनं. ब्रेडवूड १८६१ मध्ये लंडनच्या टूली स्ट्रीटवरच्या भीषण आगीत, अंगावर भिंत कोसळून गेला. त्याचा सल्ला मात्र टिकला. अडचण एवढीच होती की हवा कोंडली की धूरही कोंडतो, आणि आत अडकलेला माणूस त्या धुरातच असतो.

ओढणारा पंखा

घाण हवा यंत्रानं बाहेर काढायची कल्पना अग्निशमनापेक्षा खूप जुनी. तिचा जन्म खाणींत झाला. १५५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जॉर्ज अ‍ॅग्रिकोलाच्या खाणकामावरच्या लॅटिन ग्रंथात खाणीत हवा खेळवायच्या यंत्रांची सुंदर लाकूडठशाची चित्रं आहेत. भाते आहेत, वाऱ्याकडे तोंड करणाऱ्या पेट्या आहेत आणि लाकडी पिंपात फिरणारे पंखेही आहेत. काही पंख्यांच्या पात्यांना चक्क हंसाची पिसं लावलेली. १७३६ मध्ये देसाग्युलिए नावाच्या शास्त्रज्ञानं लंडनच्या पार्लमेंटमध्ये सभागृहाची कोंदट हवा काढायला हातानं फिरवायचं चाक बसवलं. ते फिरवणाऱ्या माणसाला ‘व्हेंटिलेटर’ म्हणत. आज हा शब्द आपण अतिदक्षता विभागात ऐकतो. तेव्हा ते एका मजुराच्या कामाचं नाव होतं.

बंबावर नेता येईल असा धूर काढायचा पंखा आला तो विसाव्या शतकाच्या मध्यावर. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या सुपर व्हॅक या कंपनीनं १९५० च्या दशकात ‘स्मोक इजेक्टर’ बनवायला सुरुवात केली. चौकटीत बसवलेला विजेवरचा पंखा, दारात किंवा खिडकीत टांगायचा, तोंड बाहेर. आपल्या स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅनच, फक्त उचलून नेता येणारा.

त्याचा उपयोग झाला, पण दुखणीही लवकर दिसली. टांगलेला पंखा दाराची वाट अडवायचा. त्याच्या कडेनं फटी राहिल्या की बाहेर टाकलेला धूर त्या फटींतून परत आत यायचा, आणि पंखा तोच धूर पुन्हा पुन्हा दळत बसायचा. तो उभाच धुरात असल्यामुळे पाती आणि मोटर काजळीनं माखायची. शिवाय तो लावायला कुणीतरी धुरात शिरायला हवं. पेट्रोलचं इंजिनही त्या जागी चाललं नसतं, कारण इंजिनालाही श्वासाला स्वच्छ हवा लागते. म्हणून वीज, म्हणजे जनरेटर, म्हणजे लांबच लांब केबल.

पंखा उलटा केला

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत एक वेगळी पद्धत रुजायला लागली. पंखा दारात टांगायचा नाही. दाराबाहेर काही फुटांवर, मोकळ्या हवेत ठेवायचा आणि तोंड आत करायचं. धूर ओढायच्या ऐवजी स्वच्छ हवा ढकलायची. याला ‘पॉझिटिव्ह प्रेशर व्हेंटिलेशन’ म्हणतात.

ओढणं आणि ढकलणं यांत एवढा फरक का, हे घरी मेणबत्ती घेऊन बघता येतं. हातभर अंतरावरून फुंकर मारली की ज्योत विझते. आता तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून विझवून दाखवा! फुंकलेली हवा एका दिशेनं झोत होऊन जाते आणि वाटेतली आजूबाजूची हवाही सोबत खेचून नेते. ओढलेली हवा मात्र सगळ्या बाजूंनी थोडी थोडी येते, त्यामुळे ओढणाऱ्या पंख्याचा जोर चार पावलांवर संपतो.

दारासमोरचा पंखा असा झोत तयार करतो. तो रुंदावत दारापर्यंत पोचतो, दाराची चौकट व्यापतो आणि आतला दाब किंचित वाढतो. हा वाढलेला दाब घरभर पसरतो. मग धूर तिथूनच बाहेर पडतो जिथे तुम्ही त्याला भोक ठेवलंय. योग्य खिडकी उघडली, की काही मिनिटांत दिसेनासा झालेला पॅसेज दिसायला लागतो.

आणि पंखा आता स्वच्छ हवेत उभा होता. म्हणजे पेट्रोल इंजिन चालणार होतं. दीड ते सव्वादोन फूट व्यासाचं पातं, इंजिन, दांडा, दोन चाकं. ना केबल, ना जनरेटर. एका जवानानं उतरवायचं, दोरी ओढायची, कामाला लागायचं. नुसती दिशा बदलल्यामुळे यंत्राचं सगळं अंगच बदललं.

सुरुवातीला हा पंखा आग विझल्यावर, उरलेला धूर काढायला वापरायचे. त्यावर कुणाचा आक्षेप नव्हता. मग सॉल्ट लेक सिटीच्या दलातल्या क्रिस गार्सिया आणि राइनहार्ड कॉफमन यांच्यासारख्यांनी पुढचं पाऊल टाकलं. आग चालू असतानाच, जवान आत शिरायच्या आधी पंखा लावायचा, म्हणजे त्यांच्या पाठीमागून स्वच्छ हवा येईल आणि धूर-उष्णता पुढे ढकलली जाईल. त्यावरचं त्यांचं पुस्तक २००६ मध्ये आलं. आणि इथेच आजीची फुंकणी वादात उतरली. बऱ्याच दलांतले अनुभवी जवान म्हणाले, जळत्या घरात वारा? आमच्या ड्यूटीवर नाही.

सहा माणसं आणि एक जिना

१७ ऑक्टोबर २००३. शिकागोत कुक काउंटीच्या सरकारी कार्यालयांच्या उंच इमारतीत बाराव्या मजल्यावर आग लागली. लोक जिन्यानं उतरू लागले. त्याच जिन्यातून जवान बाराव्या मजल्याचं दार उघडून आगीशी लढत होते. दार उघडलं तसा धूर जिन्यात शिरला आणि वर चढला. उतरणाऱ्या लोकांना मागे वळावं लागलं. पण जिन्यात आल्यावर मजल्यांची दारं मागून बंद होत होती आणि आतल्या बाजूनं उघडत नव्हती. सहा जण धुरानं गेले.

आगीपासून पळायची वाट म्हणून बांधलेला जिना एक उघडं दार मिळताच धुराडं झाला होता.

अमेरिकेची राष्ट्रीय मानक आणि तंत्रज्ञान संस्था, म्हणजे ‘निस्ट’, हिनं या आगीचा संगणकावर अभ्यास केला. त्यासाठी वापरलेलं एफडीएस हे सॉफ्टवेअर त्यांनीच बनवलेलं. ते फुकट आहे, त्याचा कोड गिटहबवर खुला आहे, आणि तो आजही फोरट्रानमध्ये आहे! मी ते उतरवून घेतलं, दोन खोल्या, एक दार, एक खिडकी आणि एक पंखा मांडला. आगीची काही मिनिटं मोजायला माझा लॅपटॉप रात्रभर तापत राहिला. खिडकी बंद ठेवून पंखा लावला तेव्हा पडद्यावरचा काळा ठिपका शेजारच्या खोलीत सरकला. खिडकी उघडली तेव्हा तो बाहेर गेला. अहवालात वाचलेलं वाक्य डोळ्यांसमोर हलताना पाहणं ही वेगळीच गोष्ट असते.

पण जिन्याचं काय? तीस मजल्यांच्या जिन्यात हे पंखे चालतील का? निस्टचे स्टीफन केर्बर आणि सहकारी ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात, एका रिकाम्या तीस मजली इमारतीत गेले आणि १६० प्रयोग केले. पंख्याचा आकार बदलला, दारापासूनचं अंतर बदललं, कोन बदलला, संख्या बदलली. कसोटी अशी की इमारतीत कायम बसवलेल्या यंत्रणेनं जिन्यात जितका दाब राखायला हवा, तितका हे ढकलत नेलेले पंखे राखू शकतात का.

तो दाब किती? साधारण १२ ते २५ पास्कल. वातावरणाचा दाब लाखभर पास्कल असतो हे आठवा. २५ पास्कल म्हणजे पाण्याच्या नळीत अडीच मिलिमीटरची उंची. एवढ्याशा दाबावर धूर जिन्याच्या दाराबाहेर थोपतो. त्याहून खूप जास्त दाबही चालत नाही. दोन चौरस मीटरच्या दारावर २५ पास्कल म्हणजे ५० न्यूटन, मुठीपाशी सुमारे अडीच किलोचा जोर. दाब वाढवत नेला तर आतून पळणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला जिन्याचं दारच उघडणार नाही.

टोलेडोत निघालेली उत्तरं कामाची होती. पंखा दारापासून चार ते सहा फूट मागे ठेवा आणि किमान पाच अंश मागे कलता ठेवा. दोन पंखे असतील तर एकामागे एक ठेवण्यापेक्षा इंग्रजी व्ही अक्षरासारखे ठेवलेले बरे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे उंच जिन्यात फक्त तळाशी पंखे लावून भागत नाही. आग विसाव्या मजल्यावर असेल तर एक पंखा तळाशी आणि एक अठराव्या मजल्याजवळ, जिन्यात वारा घालणारा, असं केलं तर ठरलेला दाब मिळू शकतो.

पंख्याचं स्वतःचं विष

अठराव्या मजल्यावर पेट्रोलचं इंजिन. इथे थोडं थांबून विचार करा.

पेट्रोल इंजिन धूर सोडतं, आणि त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. म्हणजे ज्या वायूनं माणसं मरतात तो बाहेर काढायला आणलेलं यंत्र तोच वायू थोडा थोडा आत सोडतं. दाराबाहेर असतानाही पंखा आपल्याच इंजिनाचा धूर झोताबरोबर घरात नेतो. आग विझल्यावर जवान ढिगारे उपसत असतात, तोंडावरचे मास्क काढायची घाई असते, आणि घर स्वच्छ दिसत असतं. दिसतं म्हणून ते असतंच असं नाही.

उपाय म्हणून इंजिनाच्या एक्झॉस्टला लांब नळी जोडून धूर दारापासून दूर सोडायची सोय आली. ती मोकळ्या अंगणात चालते. बंद जिन्यात नळी सोडणार कुठे? शिवाय इंजिनाचा आवाज इतका की शेजारी वॉकीटॉकीवर काय बोलतात ते ऐकू येत नाही, आणि आत कुणी हाक मारली तर तीही नाही. उंच इमारतीत जिथे या पंख्याची सर्वांत जास्त गरज, तिथेच पेट्रोलचा पंखा सर्वांत अडचणीचा.

गेल्या दशकात याला उत्तर मिळालं ते ड्रिल मशीन आणि करवतींच्या बाजारातून. लिथियम बॅटऱ्या इतक्या सुधारल्या की त्यांवर चालणारे पंखे आले. धूर नाही, आवाज कमी, बटण दाबलं की सुरू. पेट्रोलचा पंखा टाकी भरत राहिली तर तासन् तास चालतो, हा त्याचा फायदा अजून आहे. पण बॅटरीचा पंखा जिन्यात नेता येतो.

बाहेर पडायची जागा

आता आजी आणि जवान यांचा निकाल.

निस्टनं सारख्या सामानाच्या खोल्या पेटवून पाहिल्या, एकदा नुसती खिडकी उघडून, एकदा दारात पंखा लावून. पंख्यामुळे आग जास्त जोरात जळली. आजी बरोबर. पण ज्या बाजूनं जवान आत येणार ती बाजू निवळली, आणि ज्वाळा व धूर एकाच दिशेनं खिडकीबाहेर जाऊ लागले. जवानही बरोबर.

मधल्या काळात घरंही बदलली होती. यूएल या सुरक्षा-चाचणी संस्थेनं दोन बैठकीच्या खोल्या पेटवल्या. एकीत जुन्या पद्धतीचं लाकूड-कापसाचं सामान, दुसरीत आजचं फोम आणि प्लास्टिकचं. खोलीतली प्रत्येक जळू शकणारी वस्तू एकदम पेट घेते त्या क्षणाला ‘फ्लॅशओव्हर’ म्हणतात. जुन्या खोलीला तिथे पोचायला २९ मिनिटांहून जास्त लागली. नवी खोली ४ मिनिटांच्या आत पोचली. आजच्या सोफ्यांची आग आतली हवा भराभर संपवते आणि मग दबून बसते. जवान पोचेपर्यंत ती विझल्यासारखी वाटते, पण ती हवेची वाट बघत असते. अशा वेळी लावलेला पंखा म्हणजे खरोखरच फुंकणी.

२०१६ मध्ये यूएलच्या रॉबिन झेव्होटेक आणि स्टीफन केर्बर यांनी आजच्या घरांमध्ये प्रयोग करून जे मांडलं, त्यात मला या सगळ्या इतिहासाचं सार दिसतं. आग चालू असताना पंखा लावायचा तर त्याचं यश बाहेर पडायच्या वाटेवर अवलंबून असतं. पेटलेल्या खोलीतच पुरेशी मोठी खिडकी उघडलेली असेल तर धूर तिथून जातो. ती नसेल, किंवा दुसऱ्याच खोलीची खिडकी उघडली असेल, तर पंखा तो धूर आणि ती उष्णता लपून बसलेल्या माणसापर्यंत पोचवतो. घर मोकळं, सगळ्या खोल्या एकमेकींत उघडणारी असेल, तर दाब धरतच नाही. आणि कुठल्याही परिस्थितीत पंखा पाण्याची जागा घेत नाही.

मी रोज ज्या सर्व्हरशी झगडतो तिथेही हेच आहे. येणारा ट्रॅफिक वाढवणं सोपं असतं. तो पुढे कुठे जाणार हे आधी ठरलेलं नसेल, तर जास्त ताकद म्हणजे जास्त मोठी तुंबणी. फरक एवढाच की आमच्याकडे तुंबलं तर पहाटे तीनला फोन वाजतो. तिकडे माणूस जातो.

आपला जिना

हे सगळं वाचताना मला आमच्याच इमारतीचा जिना वेगळा दिसायला लागला. पुण्यातली वीसहून जास्त मजल्यांची इमारत. अशा इमारतींसाठी जिन्यात दाब राखायची यंत्रणा राष्ट्रीय बांधकाम संहितेत सांगितलेली आहे, म्हणजे गच्चीवर कायमचा बसवलेला तोच पंखा, तेच काही पास्कल. पण हे पास्कल टिकतात ते दारं बंद असतील तर. आमच्या पाच मजल्यांवर जिन्याची जाड, आगरोधक दारं विटा लावून उघडी ठेवलेली आहेत. कुणाला हवा हवी असते, कुणाला कचऱ्याची पिशवी नेताना दार ढकलायचा कंटाळा असतो. दोन मजल्यांवर दारामागे चपलांचे रॅक आहेत.

त्या विटेला कुणी गुन्हा म्हणणार नाही. पण टोलेडोतल्या प्रयोगांचे आकडे डोक्यात घेऊन तिच्याकडे पाहिलं की कळतं, गच्चीवरच्या लाखो रुपयांच्या पंख्याला ती एकटी हरवू शकते. शिकागोच्या जिन्यात धूर शिरायला एकच उघडं दार पुरलं होतं.

पंखा चालवणं हे प्रशिक्षित जवानांचं काम आहे, आणि आग चालू असताना ते त्यांच्यासाठीही अवघड काम आहे. आपल्या हातात दार आहे. आग लागलेल्या खोलीतून बाहेर पडलात तर मागचं दार ओढून घ्या. कुलूप नको, नुसतं ओढा. ब्रेडवूडनं १८३० मध्ये सांगितलेलं आजही खरं आहे. अडकलात तर ज्या खोलीत आहात तिचं दार बंद करा, खालच्या फटीत ओला टॉवेल घाला, खिडकीपाशी जा आणि हाक मारा. आणि आज घरी पोचल्यावर लिफ्टऐवजी एकदा जिन्यानं चढा. वाटेत वीट दिसली तर उचलून बाजूला ठेवा.